दाराला नेमलेला माणूस

सिक्वेरा,

तुमच्या स्मृतिसभेत मी तीन मिनिटं बोलावं, असा सेत्सुको-सानचा निरोप आलाय. फक्त चांगल्या आठवणी सांगाव्यात, असंही त्यात आहे. तुमच्या बायकोला माणसं बरोबर कळतात. तीन मिनिटं भरतील इतके चांगले तुम्ही होता, त्याबद्दल वाद नाही. पण सभेत तुमचा तो फोटो लावणार आहेत म्हणे, हाताला बँडेज बांधलेला. त्या फोटोखाली उभी राहून मी गोड बोलले तर माझी जीभ झडेल. म्हणून इथेच बोलून घेते. शाळेच्या जिन्याचं दार अजून बंद आहे. किल्ली अजून त्या पेटीत आहे. हरीश अजून तळमजल्यावर आहेत. पावसाळा संपला की तुफानांचे दिवस येतील. आणि तुम्ही मरून मोकळे झालात. हे काही बरं केलं नाहीत.

चंद्रप्रभाबाई पोंक्ष्यांनी हे पत्र कागदावर लिहिलं नाही. भांडी विसळता विसळता त्या ते बोलत होत्या, मराठीत आणि मोठ्यांदा. सिक्वेरांना जिवंतपणी मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं, तेव्हा मेल्यावर कळण्याचा प्रश्न नव्हता. पण रागवायचं तर आपल्या भाषेत, हा बाईंचा नियम होता.

आतल्या खोलीतून हरीशरावांनी विचारलं, "कोणाला झाडतेस?"

"मेलेल्या माणसाला."

"मग चालू दे. तो उलट बोलणार नाही."

हरीशराव चाकांच्या खुर्चीत बसून होते. जन्मभर टोकियोतल्या एका कंपनीत पाणी उपसणारे पंप बनवले, आणि निवृत्तीनंतर अर्धांगाच्या झटक्यानं डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. बाईंनी पुण्यात पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. केली होती, इथे येऊन पंचवीस वर्षं भारतीय शाळेत तोच विषय शिकवला होता. टोकियोच्या एदोगावा भागापासून एक नदी ओलांडली की त्यांचा वॉर्ड. जमीन इतकी सखल, की भरतीच्या वेळी नदीचं पाणी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपेक्षा उंच असतं. मध्ये काय तो बांध. दांचीच्या, म्हणजे सरकारी चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावरचं घर त्यांनी खुर्चीसाठी घेतलेलं. खुर्चीला जिना चढता येत नाही म्हणून तळमजला, आणि नदी आली तर वर जायला जिनाच. लेक क्षिप्रा त्सुकुबाहून फोनवर म्हणायची, "आई, आमच्याकडे या." बाई म्हणायच्या, "आणि इथल्या बाकीच्या म्हाताऱ्यांना कुठे पाठवू? तुझ्या गॅरेजमध्ये?"

दुआर्ते सिक्वेरा त्यांच्या आयुष्यात आले ते सप्टेंबरातल्या आपत्ती-सरावाच्या दिवशी. दर वर्षी गल्लीतल्या रहिवाशांची मंडळी शाळेच्या मैदानात जमते. बादल्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात, पाण्यानं भरलेला अग्निशामक चालवून बघतात, गरम पाणी ओतून पाकिटातला भात शिजवतात आणि टाळ्या वाजवून घरी जातात. त्या वर्षी रांगेत एक उंच, पांढऱ्या मिशांचा परदेशी माणूस होता. वॉर्ड कचेरीतल्या मोरिता-सानचं भाषण संपल्यावर त्यानं हात वर केला.

"पूर आला तर शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं, हे समजलं. पण बाहेरच्या जिन्याचं दार कोण उघडणार?"

"प्रभारी व्यक्ती," मोरिता-सान म्हणाले.

"त्यांचं नाव काय?"

"ते परिस्थितीनुसार ठरेल."

"म्हणजे कोणीच नाही," तो म्हणाला. जपानीत इतकं उघडं कुणी बोलत नाही. सगळे आपापल्या भाताकडे बघू लागले. चंद्रप्रभाबाईंनी मात्र आपलं पाकीट उचललं आणि सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "सिक्वेरा? मी वसईची. आमच्या आळीत चार सिक्वेरा होते. तुम्ही पोर्तुगालचे, म्हणजे मूळ मालच."

"वसई म्हणजे तो किल्ला?"

"हो. तो आम्ही तुमच्याकडून घेतला."

"ठेवा," सिक्वेरा म्हणाले. "डागडुजी आम्हाला परवडत नव्हती."

दोघांचं बोलणं जपानीत चालायचं, आणि तापले की इंग्रजीत. ती तिथूनच सुरुवात.

माणूस पोर्तुगालच्या नौदलातला. तरुणपणी गस्तीच्या जहाजावर अधिकारी होता. सेत्सुको-सान लिस्बनला गाणं शिकायला गेली होती, तिथे लग्न झालं. नौदल सोडल्यावर तिच्या म्हाताऱ्या आईसाठी दोघं इथे आली. इथे तो ब्राझीलहून आलेल्या कामगारांसाठी दुभाष्याचं काम करी. दवाखाना, शाळा, घरमालक, सगळीकडे त्यांच्याबरोबर जाई. पैसे कमी, पायपीट जास्त. गल्लीतल्या कुणाचाही नळ बिघडला की हाताच्या बाह्या वर. शर्टाला इस्त्री कडक, बूट आरशासारखे. वेळेच्या आधी पोचणारा पहिला युरोपियन, असं हरीशराव त्याला म्हणायचे.

नौदलातली एकच गोष्ट तो सांगायचा. अझोर्स बेटांजवळ त्याच्या जहाजाच्या यंत्रघरात पाणी शिरलं. जहाजावर नियम असा, की पाण्याचा इशारा झाला की प्रत्येक दाराशी एक ठरलेला माणूस धावतो. तो आतल्या लोकांना बाहेर काढतो आणि मग दार मिटतो. त्या दिवशी जहाजावर पाहुणे होते. एका दाराच्या माणसाला बटाटे सोलायला पाठवलं होतं. एकोणीस वर्षांचा एक खलाशी त्या दाराआड राहिला. चौकशी झाली तेव्हा कागदावर सगळे आपापल्या जागी होते.

"त्याला बटाटे सोलायला कोणी पाठवलं?" बाईंनी विचारलं होतं.

"माझ्या वरिष्ठानं. मी शेजारी उभा होतो."

 हा माणूस दारांबद्दल इतका वेडा का, ते त्यांना कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याच दिवशी त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला.

दोन वर्षांनी त्यानं जपानी नागरिकत्व घेतलं आणि वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला. 'प्रत्येक दाराला एक माणूस', एवढंच त्याच्या पत्रकावर. चंद्रप्रभाबाईंकडे भारतीय पासपोर्ट, मत नाही. पण प्रचाराला हात लावायला कायद्याची हरकत नव्हती. बंद पडलेल्या एका न्हाव्याच्या दुकानात कचेरी थाटली होती. पहिल्याच दिवशी बाई मोठा डबा भरून बटाटेवडे घेऊन गेल्या. निवडणूक म्हणजे कार्यकर्त्यांची पोटं भरली पाहिजेत, हे त्या वसईपासून बघत आल्या होत्या.

कचेरी सांभाळणारे ओनो-सान, पोस्टातून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ, वडे बघून पांढरे पडले. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकीचा पडदा ओढला.

"पोंक्षे-सान, हे कोणी खाल्लं का?"

"आत्ता तर आणलेत. गरम आहेत."

"कचेरीत आलेल्या माणसाला जेवण देणं गुन्हा आहे. चहा चालतो. चहाबरोबरचा किरकोळ खाऊ चालतो. हे," त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, "किरकोळ नाही."

"वडा हा चहाबरोबरचाच खाऊ आहे."

"त्यात बटाटा आहे. पोट भरतं."

सिक्वेरा भिंतीला टेकून हसत होते. त्यांच्या तोंडी प्रभाचं प्राभा व्हायचं. "प्राभा-सान, मला निवडून यायच्या आधी तुरुंगात घालणार तुम्ही."

"तिथेही दाराला माणूस असतो. तुम्हाला बरं वाटेल."

डबा परत घरी आला. हरीशराव सलग दोन दिवस वडे खात होते आणि म्हणत होते, "असाच उमेदवार दर महिन्याला उभा राहू दे." दुसऱ्या दिवशी बाई चिवडा घेऊन गेल्या. तो किरकोळ ठरला.

आठवडाभर इथल्या उमेदवारांच्या रिवाजाप्रमाणे पांढरे हातमोजे घालून सिक्वेरा गल्लीगल्लीतून वाकत हिंडले. निवडून आले ते विजयी उमेदवारांच्या यादीत शेवटून दुसरे. बाई त्या रात्री मुलासारख्या रडल्या, हे हरीशरावांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

इथपर्यंतच्या आठवणी सभेत चालतील. पुढच्या चालणार नाहीत.

नगरसेवक झाल्यावर सिक्वेरांनी शाळेच्या दाराची किल्ली गल्लीतल्या एका माणसाच्या हाती द्यावी, असा विषय काढला. वॉर्डाची कचेरी नाही म्हणाली नाही. कचेरी कधीच नाही म्हणत नाही. किल्ली हरवली तर जबाबदारी कोणाची, चोरी झाली तर कोणाची, तो माणूस गावाला गेला तर कोणाची, असे प्रश्न विचारत राहिली. वर्षभर विचारले. आणि मग एक दिवस भिंतीवर पेटी बसली. लोखंडी, पिवळी, सुबक. भूकंप झाला, जमीन पुरेशी हादरली, की पेटीचं झाकण आपोआप उघडतं, आत किल्ली. माणूस नको, जबाबदारी नको.

पेटीच्या उद्घाटनाला फीत होती, फोटो होते. सिक्वेरा मोरिता-सानच्या शेजारी उभे राहून हसत होते. चंद्रप्रभाबाई हरीशरावांची खुर्ची ढकलत पुढे गेल्या.

"ही हादऱ्यानं उघडते?"

"होय," मोरिता-सान म्हणाले. "जोरदार भूकंप झाला की. अगदी खात्रीनं."

"आणि पूर आला तर?"

मोरिता-सान हसले. मग हसणं तसंच ठेवून त्यांनी सिक्वेरांकडे बघितलं.

"पूर हादरे देत येत नाही," बाई म्हणाल्या. "नववीतल्या पोराला कळतं हे. आपल्याला भीती नदीची, आणि पेटी आणली भूकंपाची?"

"पुढच्या अंदाजपत्रकात," सिक्वेरा हळू आवाजात म्हणाले.

"तुम्हीसुद्धा पुढच्या अंदाजपत्रकात?"

त्या संध्याकाळी ते घरी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पण खांदे पडलेले. म्हणाले, काहीतरी पदरात पाडून घेतलं नसतं तर काहीच मिळालं नसतं. बाई म्हणाल्या, याला पदरात पाडून घेणं म्हणत नाहीत, तोंडाला पानं पुसणं म्हणतात. आणि त्यांनी त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगितला, नीट, वाक्य तोडून.

सिक्वेरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक वाट आहे. शाळेचे उपमुख्याध्यापक आपल्या अधिकारात एक जादा किल्ली देऊ शकतात. नगरसेवकानं हमी घ्यायची आणि किल्ली ठेवणाऱ्यानं स्वतः यायचं. दोघांनी समोर बसून आपापला शिक्का मारायचा. मी बोललोय, ते तयार आहेत. दाराचा माणूस तुम्ही."

"मी सत्तरीची बाई."

"तुम्ही कुठे जात नाही. आणि तुम्हाला कोणी बटाटे सोलायला पाठवू शकत नाही."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत बाईंना कुणी इतका मोठा मान दिला नव्हता. त्यांनी आपला हांको, नावाचा तो बोटाएवढा शिक्का, कपाटातून काढून पर्समध्ये ठेवला. जायचं ठरलं मंगळवारी.

त्या मंगळवारी सभागृहाची बैठक लागली. पुढच्या वेळी कुणी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या वेळी बगीच्याचं उद्घाटन. सिक्वेरा प्रत्येक वेळी स्वतः फोन करून माफी मागायचे, इतकी सुंदर माफी की रागावणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. इथल्या राजकारणात माणूस सगळ्यात आधी हेच शिकतो. बाई ओशाळल्या नाहीत. "पाहुण्यांसाठीच ना?" एवढंच एकदा म्हणाल्या. पलीकडून त्यांनी घाईघाईनं नवी तारीख दिली. पण पुढचा मंगळवारही गेलाच.

आणि ऑक्टोबरात तुफान आलं.

दुपारी भोंग्यांनी सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. बाईंनी हरीशरावांना रेनकोट चढवला, मांडीवर औषधांची पिशवी ठेवली आणि वाऱ्याच्या तोंडाला खुर्ची ढकलत शाळा गाठली. तिथे पन्नासेक माणसं भिंतीला चिकटून उभी होती. बहुतेक म्हातारी. फाटक उघडं, जिन्याचं दार बंद. किल्ली घेऊन निघालेला कचेरीचा माणूस पुलापलीकडे, आणि पूल वाऱ्यामुळे बंद केलेला. पेटी भिंतीवर, पिवळी, सुबक, मिटलेली.

चंद्रप्रभाबाईंनी खुर्चीचा ब्रेक लावला. मैदानाच्या कडेची एक वीट उचलली आणि पेटीवर हाणायला लागल्या. लोक बघत राहिले. पेटी ढिम्म.

"प्रभा," हरीशराव म्हणाले, "ती चांगली बनवलीय. माझ्या पंपांसारखी. सोड."

तेवढ्यात सिक्वेरा सायकल ढकलत आले, नखशिखांत भिजलेले. किल्ली त्यांच्याकडेही नव्हती. त्यांनी बाईंच्या हातातली वीट घेतली, तळमजल्यावरच्या खिडकीची काच फोडली, सदुसष्ट वर्षांचा माणूस आत चढला. तळहात फाटून रक्त वाहत होतं. आतून येऊन त्यांनी दार उघडलं. हरीशरावांची खुर्ची चार माणसांनी उचलून वर नेली. सिक्वेरा त्यातले एक होते, त्यांच्या रक्ताचे डाग खुर्चीच्या दांड्यावर अजून आहेत.

बांध टिकला. पाणी आलं नाही. आणि पाणी आलं नाही म्हणून सगळं वाया गेलं, असं बाईंचं मत. आलं असतं तर निदान कुणी विचारलं असतं, दार बंद का होतं. आता विचारलं ते एवढंच, की काच कोणी फोडली. बँडेज बांधलेला हात वर केलेला नगरसेवक वर्तमानपत्रात आला, टीव्हीवर आला. एप्रिलच्या निवडणुकीत तोच फोटो पत्रकावर आला.

बाईंनी तो फलकावर पाहिला तेव्हा त्यांच्या हातात कांद्याची पिशवी होती. पिशवीसकट त्या न्हाव्याच्या दुकानात शिरल्या. ओनो-सान चहा ओतत होते.

"सिक्वेरा, तो फोटो उतरवा."

"प्राभा-सान, बसा."

"बसायला नाही आले. किल्ली असती तर काच फुटली नसती. तुम्ही स्वतःच्या चुकीचा फोटो काढून त्यावर मतं मागताय."

"लोकांना तो आवडतो," ओनो-सान हळूच म्हणाले.

"आवडणारच. काच फोडणारा सगळ्यांना आवडतो. किल्ली देणारा कोणाच्या लक्षात राहतो?" मग त्या सिक्वेरांकडे वळल्या. "तुमच्या त्या जहाजावर चौकशी झाली, तेव्हा सगळे कागदावर आपापल्या जागी होते. या फोटोतही सगळे आपापल्या जागी आहेत."

सिक्वेरांच्या हातातला पेला टेबलावर जरा आपटला. एवढंच. फोटो त्यांनी उतरवला नाही. निवडून आले, या वेळी वरून तिसरे.

निकालानंतरच्या मंगळवारी मात्र ते स्वतः बाईंना न्यायला आले.  कोट त्यांना सैल झाला होता, चढावर थांबून श्वास घेत होते. शाळेत बसलेले उपमुख्याध्यापक नवीन होते. तयार असलेल्या जुन्यांची एप्रिलमध्ये बदली झाली होती, सगळ्यांची होते तशी. नव्या गृहस्थांनी चहा दिला, वाकून बोलले. आपल्याला आधी सगळं समजून घ्यावं लागेल, पुढच्या आठवड्यात दोघांनी कृपया पुन्हा यावं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "इतके दिवस तो माणूस तिथे तयार बसला होता."

"माहीत आहे."

"पुढच्या मंगळवारी पाहुणे आले तर?"

"माझ्या अंत्यविधीला आले तरी येईन," सिक्वेरा म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते इस्पितळात होते. फुप्फुसात पाणी, म्हणे. बाई भेटायला गेल्या तेव्हा खिडकीशी पडून होते, दाढी वाढलेली. एरवी इस्त्रीशिवाय दार न उघडणारा माणूस. त्यांनी उशाखालून शिक्का काढला आणि पुढे केला.

"हा घेऊन जा. माझ्या वतीनं मारा. इथे सगळे असंच करतात. चालतं."

बाईंनी हात पुढे केला नाही.

"शिक्क्यानं भागलं असतं तर पेटीनंही भागलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होता, दाराला माणूस लागतो. हमी घेणारा माणूस समोर पाहिजे. बरे व्हा आणि चला."

सिक्वेरा हसले, हसता हसता खोकले. "फार कडक कॅप्टन आहात तुम्ही."

"मंगळवारी," बाई म्हणाल्या.

"मंगळवारी," ते म्हणाले.

जूनच्या पावसात ते गेले.

आता सेत्सुको-सानना होकार कळवायचा की नकार, हे बाईंनी ठरवलेलं नाही. मोरिता-सान येणार आहेत, ओनो-सान येणार आहेत, नवे उपमुख्याध्यापकही. सगळे हळहळतील. रिकाम्या जागेवर नवा नगरसेवक यायला अवकाश आहे, तोवर हमी घ्यायला कोणी नाही.

भांडी विसळून झाली. हात पुसून बाईंनी पर्स उघडली, रेल्वेच्या कार्डाशेजारी शिक्का आहे ना ते पाहिलं आणि पर्स पुन्हा दाराशी खुंटीला लावली.

"आज कुठे निघालीस?" हरीशरावांनी विचारलं.

"कुठे नाही."

"मग पर्स कशाला?"

"मंगळवार आहे," बाई म्हणाल्या, आणि खिडकीतून बांधाकडे बघत उभ्या राहिल्या.